सोलापूरहून पुण्याला, पण पंढरपूर-मिरजमार्गे: वळवलेल्या गाडीचे गणित

सोलापूर ते पुणे हे रेल्वेने सुमारे २६३ किलोमीटरचे अंतर आहे आणि आपण सोलापूरकरांनी ते इतक्या वेळा कापलेले असते, की मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर, भिगवण, दौंड ही स्थानके अर्धवट झोपेतही ओळखू येतात. त्यामुळे दक्षिणेकडून येऊन मुंबईला जाणाऱ्या एका लांब पल्ल्याच्या गाडीत मी बसलो असताना कुर्डुवाडीनंतर खिडकीबाहेर ओळखीचे काहीच दिसेना आणि काही वेळाने फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर ‘पंढरपूर’ हे नाव आले, तेव्हा डब्यात कुजबुज सुरू झाली. गाडी मिरजमार्गे वळवल्याची सूचना सोलापूरला दिली गेली होती. ती ऐकलेले लोक निवांत होते, न ऐकलेले चक्रावले होते. समोरच्या बाकावरच्या आजींनी मात्र पाटीकडे पाहून आधी हात जोडले आणि मगच विचारले, “अहो, पुण्याच्या वाटेवर पंढरपूर कधीपासून यायला लागलं?”

प्रश्न साधा आहे, उत्तर तितके साधे नाही. रस्त्यावर झाड पडले तर एसटीचा चालक वाहकाशी दोन शब्द बोलून गाडी दुसऱ्या फाट्याने काढतो. रेल्वेगाडीला स्टिअरिंगच नसते. ती कोणत्या रुळावरून जाणार हे चालक ठरवत नाही, स्थानकातले सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे हलते जोड, ठरवतात. आणि सांधे कुठल्या बाजूला वळवायचे हे स्टेशन मास्तर एकटा ठरवत नाही. गाडी आपला नेहमीचा मार्ग सोडते त्याआधी किमान दोन विभागांच्या नियंत्रण कक्षांमध्ये बोलणे झालेले असते, नव्या मार्गाचे चालक शोधलेले असतात आणि त्या मार्गावरच्या इतर गाड्यांना थोडे थोडे सरकवून जागा केलेली असते. प्रवाशाला यातले काहीच दिसत नाही, त्याला फक्त उशीर दिसतो.

मुळात मार्ग बंद का होतो, हे आधी पाहू. एक कारण पूर्वनियोजित असते, त्याला आपण सरसकट ‘ब्लॉक’ म्हणतो. रूळ बदलणे, पुलाचे गर्डर टाकणे, विजेच्या तारांची दुरुस्ती अशी कामे काही तासांत उरकतात आणि त्यांच्यासाठी गाड्या सहसा वळवाव्या लागत नाहीत, थोडा वेळ थांबवल्या की भागते. खरी अडचण येते ती ‘नॉन-इंटरलॉकिंग’ नावाच्या कामात. स्थानकातले सांधे आणि सिग्नल एकमेकांशी अशा रीतीने बांधलेले असतात, की सांधा चुकीच्या बाजूला असेल तर सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. या बांधणीला इंटरलॉकिंग म्हणतात आणि रेल्वेच्या सुरक्षिततेचा मोठा भार तिच्यावर असतो. स्थानकात नवा रूळ जोडायचा, म्हणजे दुहेरीकरणाचा दुसरा मार्ग आणून मिळवायचा, तर ही जुनी बांधणी सोडून नवी बांधावी लागते. मधल्या काळात सांधे हाताने फिरवून कुलूपबंद करावे लागतात आणि प्रत्येक गाडी लेखी परवानगीवर, मुंगीच्या पावलांनी पुढे काढावी लागते. अशा दिवसांत त्या स्थानकातून नेहमीइतक्या गाड्या जाऊच शकत नाहीत. म्हणून काही रद्द होतात, काही अलीकडच्या स्थानकावरच थांबवल्या जातात आणि ज्यांना दुसरी वाट उपलब्ध आहे त्या वळवल्या जातात. दौंड ते वाडी या मार्गाचे दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने चालू असताना सोलापूरकरांनी हा अनुभव अनेकदा घेतला. उजनीच्या पाण्याजवळचा भिगवण-वाशिंबे हा टप्पा २०२२ मध्ये पूर्ण होईपर्यंत अशा सूचना वर्तमानपत्रात वाचायची आपल्याला सवयच झाली होती.

दुसरे कारण अचानक उद्भवते: मालगाडीचे डबे घसरतात, विजेची तार तुटते, पावसाने रुळाखालची खडी वाहून जाते किंवा घाटात दरड कोसळते. अशा वेळी प्रवाशांना आधी कळवायला वेळच नसतो, कारण निर्णय घेणाऱ्यांनाही अडथळा नुकताच कळलेला असतो.

आता सोलापूरच्या बाजूने नकाशा पाहू. आपले स्थानक मुंबई-चेन्नई या मोठ्या मार्गावर आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६० मध्ये सोलापूरला पोहोचले आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेच्या रुळांशी जोडले गेले, तेव्हापासून हा मार्ग चालू आहे. या सरळ रेषेला चार मुख्य ठिकाणी फाटे फुटतात आणि वळवलेल्या गाडीचे नशीब त्या चार फाट्यांवर ठरते. मुंबईच्या बाजूला दौंड आहे, जिथून उत्तरेला अहिल्यानगरमार्गे मनमाडकडे रूळ जातो. अलीकडे कुर्डुवाडी आहे, जिथे मुख्य मार्गाला लातूर-मिरज मार्ग छेदतो. सोलापूरच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर होटगी आहे, जिथून विजयपूर, बागलकोट, गदगकडे मार्ग फुटतो. आणि पुढे वाडी आहे, जिथून एक मार्ग रायचूर-गुंटकलकडे आणि दुसरा सिकंदराबादकडे जातो.

समजा कुर्डुवाडी आणि दौंड यांच्या मधे मार्ग बंद आहे. तेव्हा गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूर, सांगोला, कवठे महांकाळ करत मिरजेला जाते आणि तिथून सांगली, कराड, सातारा, लोणंद, जेजुरी करत पुण्यात येते. सोलापूर-कुर्डुवाडी सुमारे ७९ किलोमीटर, कुर्डुवाडी-मिरज सुमारे १८९ आणि मिरज-पुणे सुमारे २८०; बेरीज केली तर ५४८ किलोमीटर होतात. म्हणजे २६३ किलोमीटरच्या जागी दुपटीहून अधिक प्रवास. नकाशावर बोट फिरवून पाहिले तर घराच्या पुढच्या दारातून मागच्या दारात येण्यासाठी सगळ्या गावाला वळसा घालावा, तसा हा प्रकार आहे.

समजा पुण्याच्या पलीकडे, लोणावळा-कर्जत दरम्यान भोर घाटात मार्ग बंद आहे. तेव्हा गाडी दौंडहूनच उत्तरेला वळते, मनमाडला मुंबई-भुसावळ मार्गावर येते आणि नाशिक रोड, इगतपुरी करत कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणला पोहोचते. सोलापूर ते मुंबई हे एरवी सुमारे ४५५ किलोमीटरचे अंतर या वाटेने ६८० च्या पुढे जाते. या वळणात एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: पुणे पूर्णपणे सुटते. पुण्याचे तिकीट असलेल्याने दौंडला उतरून पुढची सोय पाहायची असते.

या मनमाडच्या वाटेचे सगळ्यांना आठवणारे उदाहरण सोलापूरच्या गाडीचे नाही, कोल्हापूरच्या गाडीचे आहे. २०१९ च्या जुलैअखेर मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. त्यानंतर त्या प्रवाशांसाठी कल्याणहून कोल्हापूरला विशेष गाडी सोडण्यात आली, ती मनमाड आणि दौंडमार्गे. कल्याण-कोल्हापूर हे एरवी साडेचारशेच्या थोडे पुढचे अंतर त्या वाटेने साडेआठशेच्या घरात जाते. रात्रभर पाण्यात काढलेल्या माणसांना आणखी चारशे किलोमीटर कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. पण नेहमीची वाट बंद असताना रुळांवरून कोल्हापूरला जायला मनमाडचा वळसाच हाताशी होता.

दक्षिणेकडच्या बाजूला गणित जरा वेगळे आहे. वाडी-रायचूर-गुंटकलचा मार्ग बंद असेल तर होटगीहून विजयपूर, आलमट्टीजवळची कृष्णा, बागलकोट, बदामी करत गाडी गदगला नेता येते आणि तिथून बळ्ळारीकडे किंवा हुबळीकडे वळवता येते. कुर्डुवाडीहून बार्शी, धाराशिव, लातूर, परभणी करत मनमाड गाठणारीही एक वाट कागदावर आहे. पण ती इतकी लांब पडते, की अगदीच नाइलाज असल्याखेरीज तिचा विचार होत नसावा, असे मला वाटते.

इथे थोडे मागे जायला हवे, कारण कुर्डुवाडी आणि होटगी हे दोन्ही फाटे शंभराहून अधिक वर्षे नकाशावर असले, तरी वळणवाट म्हणून त्यांचा उपयोग अलीकडच्या काळातच होऊ लागला. कारण रुळांची रुंदी. मुख्य मार्ग ब्रॉड गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर. होटगी-गदग मार्ग मीटर गेज, म्हणजे १,००० मिलिमीटर. आणि कुर्डुवाडीला मिळणारी बार्शी लाइट रेल्वे नॅरो गेज, म्हणजे अवघे ७६२ मिलिमीटर. बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची कल्पना. कुर्डुवाडीच्या स्थानकाला त्या काळी ‘बार्शी रोड’ असे नाव होते आणि तिथून बार्शीपर्यंतची छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. पुढे हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. तिचे रूळ इतके हलके होते, की एका आसावर फक्त पाच टन भार टाकायचा असे कॅलथ्रॉपने ठरवले होते. आज आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणारे डब्ल्यूएपी-७ जातीचे विजेचे इंजिन १२३ टनांचे असते आणि त्याला सहा आस असतात, म्हणजे प्रत्येक आसावर साडेवीस टन. ते इंजिन त्या जुन्या रुळांवर कसेबसे टेकवले असते, तरी रूळ पिचले असते.

आमच्या मागच्या पिढीला मिरजेला जायचे तर कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून, वळकटी-ट्रंक सांभाळत छोट्या गाडीत बसावे लागे. माणसे गाडी बदलू शकत होती, गाडी मार्ग बदलू शकत नव्हती. मुख्य मार्ग बंद पडला की पलीकडच्या फलाटावर दुसरा मार्ग डोळ्यांसमोर असूनही काही उपयोग नसे. पुणे-मिरज हा मार्ग १९७१ मध्ये ब्रॉड गेज झाला. लातूर-मिरज मार्गाचे रुंदीकरण या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण झाले. होटगी-गदग मार्गही रुंद झाला. तेव्हा कुठे सोलापूरच्या चारही फाट्यांवरचे रूळ एका मापाचे झाले. रुंदीकरणाच्या वेळी चर्चा झाली ती पंढरपूरच्या थेट गाड्यांची आणि लातूरच्या मुंबईच्या गाडीची, आणि ते योग्यच होते. पण मुख्य मार्गाला पर्यायी वाट मिळाली, हा त्या कामाचा दुसरा लाभ फारसा कोणी मोजला नाही.

रूळ एका मापाचे झाले म्हणजे काम भागले असे मात्र नाही. विजेचे इंजिन असेल तर तारा सगळ्या वाटेवर हव्यात, नाहीतर मधल्या जंक्शनला डिझेल इंजिन लावावे लागते. हल्ली बहुतेक मार्गांवर तारा पोहोचल्याने ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. पूल आणि रूळ इंजिनाचा भार पेलणारे हवेत. आणि लांबी जुळायला हवी. एलएचबी जातीचा डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. बावीस डब्यांची गाडी इंजिनासह साडेपाचशे मीटर होते. दुय्यम मार्गावरचा फलाट तेवढा लांब नसेल तर शेवटचे डबे फलाटाबाहेर राहतात, ते चालून जाते. पण समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी ज्या बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनवर, थांबायचे तिथे सगळी गाडी मावलीच पाहिजे. शेपूट मुख्य रुळावर राहून चालत नाही.

यापुढची अट प्रवाशांना सर्वांत अनपेक्षित वाटते: चालकाला तो मार्ग ‘येत’ असला पाहिजे. सोलापूर-पुणे मार्गावर वर्षानुवर्षे गाडी चालवणारा लोको पायलट परवाना आणि अनुभव असूनही मिरज-पुणे मार्गावर आपला आपण गाडी नेऊ शकत नाही. वेगात असलेली गाडी ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभराच्या आसपास अंतर घेऊ शकते, म्हणजे सिग्नल दिसल्यानंतर विचार करून भागत नाही. तो कोणत्या वळणानंतर, रुळाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या पुलाच्या पुढे आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. चढ कुठे सुरू होतो, उतार कुठे संपतो, कोणत्या वळणावर किती वेगमर्यादा आहे, तारांमधला वीज नसलेला तुकडा, ज्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात, कुठे येतो आणि त्याआधी इंजिनाचा प्रवाह कुठे तोडायचा, हे सगळे पाठ असावे लागते. त्यासाठी चालक त्या मार्गावर दुसऱ्या अनुभवी चालकाबरोबर दिवसा आणि रात्री फेऱ्या मारतो. याला रेल्वेच्या भाषेत ‘लर्निंग रोड’ म्हणतात आणि कर्मचारी बोलताना नुसते ‘एलआर’ म्हणतात. मार्ग शिकून झाल्यावर तसे लिहून सही करून द्यावी लागते, आणि बराच काळ त्या मार्गावर गाडी नेली नसेल तर तो पुन्हा शिकावा लागतो. म्हणून गाडी वळवायची ठरली, की नियंत्रण कक्षाला पहिला शोध घ्यावा लागतो तो या वाटेच्या माहितगार चालकाचा. तो मिळाला तर गाडी त्याच्या ताब्यात दिली जाते, किंवा मूळ चालकाच्या शेजारी बसून तो वाट दाखवतो. शिवाय कामाच्या तासांची मर्यादा असते. वाट दुप्पट झाली तर एकाच चालकाने शेवटपर्यंत जाणे शक्य नसते. आमच्या गाडीला मिरजेला बराच वेळ लागला तो चालक बदलण्यासाठी. नव्या चालकाला पुढच्या टप्प्यातल्या तात्पुरत्या वेगमर्यादांची लेखी यादीही दिली जाते, तिला कॉशन ऑर्डर म्हणतात. डब्यात तोवर ‘इंजिन बिघडले’ अशी बातमी पसरली होती आणि ती कोणी पसरवली हे नेहमीप्रमाणे कोणालाच माहीत नव्हते.

आता उशिराकडे येऊ. अंतर दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट लागावा, असा सरळ हिशोब लोक मांडतात आणि तो नेहमी चुकतो. वेळ दुपटीहूनही अधिक लागतो, कारण वळवलेल्या गाडीला नव्या मार्गावर स्वतःची जागा नसते. ही जागा म्हणजे काय, ते नियंत्रण कक्षातला तक्ता पाहिला की कळते. तक्त्यावर आडव्या दिशेने दिवसाचे तास आणि उभ्या दिशेने मार्गावरची स्थानके क्रमाने मांडलेली असतात. धावणारी गाडी ही या तक्त्यावरची एक तिरपी रेघ. गाडी जितकी जलद, तितकी तिची रेघ उभी. मालगाडीची रेघ पसरट. आणि गाडी स्थानकात थांबलेली असेल तेवढा वेळ रेघ अगदी आडवी. पूर्वी हा तक्ता कागदावर पेन्सिलीने काढत, आता संगणकाच्या पडद्यावर दिसतो. दोन स्थानकांमधल्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा रेल्वेचा जुना नियम आहे. एकेरी मार्गावर त्याचा अर्थ असा, की समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदणार असतील तर तो छेद स्थानकाच्या रेषेवरच पडला पाहिजे. दोन स्थानकांच्या मधे तो पडू देता येत नाही. वेळापत्रक म्हणजे हे सगळे छेद स्थानकांवर बसवण्याचे कोडे, महिनोन्‌महिने डोके लावून सोडवलेले. वळवलेली गाडी ही त्या सुटलेल्या कोड्यात आयत्या वेळी घुसवलेली नवी रेघ असते.

एक हिशोब करून पाहू. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये दहा किलोमीटर अंतर आहे आणि गाडी ताशी साठच्या वेगाने जाते असे धरले, तर तो टप्पा पार करायला दहा मिनिटे लागतात. आपली गाडी स्थानकात आली आणि नेमकी त्याच वेळी समोरची गाडी पलीकडच्या स्थानकातून सुटली, तर दहा मिनिटे नुसते उभे राहायचे. त्यात वेग कमी करून बाजूच्या रुळावर शिरण्याचा, सांधे फिरण्याचा आणि पुन्हा वेग घेण्याचा वेळ मिळवला तर एका क्रॉसिंगला पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. वाटेत अशी आठ क्रॉसिंग आली, की दोन ते पावणेतीन तास फक्त थांबण्यात गेले. सोलापूर-दौंड मार्ग एकेरी होता तेव्हा जेऊर किंवा पारेवाडीला गाडी रानात उभी राहिलेली ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि थांबायचे कोणी, हा प्रश्नही असतोच. आपल्याकडे घरी पाहुणा आला तर पहिला पाट त्याला मिळतो. इथे नेमके उलटे आहे. त्या मार्गावर वेळेवर धावणारी घरची गाडी अडवून पाहुण्या गाडीला पुढे काढले, तर दोन्ही गाड्या उशिरा होतात आणि तो उशीर त्यांच्या मागच्या गाड्यांनाही लागतो. म्हणून आधीच उशीर झालेल्या पाहुणीला लूप लाइनवर थांबवून घरच्या गाडीला वाट देणे, हा नियंत्रकाच्या दृष्टीने बहुतेक वेळा शहाणपणाचा निर्णय ठरतो. खिडकीत बसून तो अन्याय वाटतो खरा. मलाही सांगोल्याच्या अलीकडे तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा वाटलाच. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत तर पंढरपूरच्या मार्गावर वारकऱ्यांसाठी जादा गाड्या सोडलेल्या असतात, तेव्हा तिथे पाहुणीसाठी फट सापडणे आणखी अवघड.

काही जंक्शनांवर दिशेचा प्रश्नही येतो. दौंडचे उदाहरण घ्या. सोलापूरकडून आलेली गाडी दौंडहून मनमाडकडे सरळ निघून जाते; पण पुण्याकडून आलेल्या गाडीला मनमाडकडे जायचे तर दौंड स्थानकात थांबून, पुढचे इंजिन काढून मागच्या टोकाला लावून, उलट्या दिशेने निघावे लागे. हे टाळण्यासाठी तिथे आता स्वतंत्र जोडरूळ टाकलेला आहे आणि त्यावरच्या स्थानकाला दौंड कॉर्ड लाइन असेच नाव आहे. वळणवाटेत असे इंजिन एकदाच फिरवावे लागले, तर सगळ्या गाडीचे तोंड उलटे होते. मग जो डबा एरवी इंजिनाच्या जवळ असतो तो शेवटी येतो, फलाटावरचे डबा दाखवणारे फलक चुकतात आणि सामान घेऊन माणसे या टोकाकडून त्या टोकाकडे धावत सुटतात. गाडी वळवली असल्याचे कळले, तर डबा कुठे येईल याची पुन्हा चौकशी करावी ती यासाठी.

प्रवाशाच्या कामाचे काही आता सांगतो. रेल्वेने स्वतःहून गाडी लांबच्या वाटेने नेली, तर वाढलेल्या अंतराचे जादा भाडे प्रवाशाकडून घेतले जात नाही. वळवलेल्या मार्गाने जाण्याची इच्छा नसेल, किंवा आपले चढण्याचे वा उतरण्याचे स्थानकच नव्या मार्गावर नसेल, तर प्रवास न करता भाडे परत मागता येते. ऑनलाइन तिकीट असेल तर त्यासाठी ठरलेल्या मुदतीत टीडीआर, म्हणजे भाडे परत मागण्याचा अर्ज, भरावा लागतो. गाडीला तीन तासांहून अधिक उशीर असेल आणि आपण प्रवास करणार नसू, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वीच ही मागणी नोंदवावी लागते. यात सर्वांत अधिक फसगत मधल्या स्थानकांवरच्या प्रवाशांची होते. आमच्या गाडीच्या बाबतीत पुण्याच्या प्रवाशाला उशीर झाला एवढेच, पण दौंडहून मुंबईला जाण्यासाठी आरक्षण केलेल्याच्या स्थानकावर गाडी आलीच नाही.

मोबाइलवरच्या अॅपवर अशा वेळी फार विसंबू नये. ती गाडीचा नेहमीचा मार्ग गृहीत धरून अंदाज बांधतात. गाडी त्या मार्गावरून उतरली, की काही अॅप शेवटच्या स्थानकावर खिळून राहतात, तर काही पुढच्या, कधीच न येणाऱ्या स्थानकाची वेळ खुशाल दाखवत राहतात. रेल्वेच्या एनटीईएस या अधिकृत सेवेत वळवलेल्या गाड्यांची वेगळी यादी मिळते आणि १३९ या क्रमांकावर विचारता येते. नव्या मार्गावर गाडी कुठे कुठे थांबली तरी तो अधिकृत थांबा असतोच असे नाही; पूर्वनियोजित वळण असेल तर मोठ्या स्थानकांवर कधी कधी तात्पुरता थांबा जाहीर करतात, अन्यथा ते क्रॉसिंग असते आणि गाडी कधीही सुटू शकते. डब्यांच्या टाक्यांत पाणी भरण्याची स्थानके नेहमीच्या मार्गाप्रमाणे ठरलेली असल्याने लांबच्या वाटेवर नळ कोरडे पडण्याची शक्यता असते. जेवणाचेही तसेच. सोबत पाण्याची जादा बाटली आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा असला, तर सोलापूरकराला कोणत्याही वळणवाटेची फारशी भीती नाही. आमच्या डब्यात त्या दिवशी तो डबा तीन कुटुंबांना पुरला.

आपल्या भागात आणखी एक वाट तयार होत आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम चालू आहे. लोक त्याकडे भवानीमातेच्या दर्शनाची सोय म्हणून पाहतात. पण नकाशावर तो मार्ग सोलापूरला कुर्डुवाडीवाचून लातूर-मिरज मार्गाशी जोडतो. म्हणजे सोलापूर आणि कुर्डुवाडी यांच्या मधे काही अडले, ज्याला आज उत्तरेच्या बाजूने जवळचा पर्याय नाही, तर धाराशिव-बार्शीमार्गे कुर्डुवाडीला मागच्या बाजूने येता येईल.

आमची गाडी सातारा सोडून वाठार, आदर्कीचा घाट उतरून लोणंदला आली तोवर डबा या वाटेला सरावला होता. नीरा नदी गेली, जेजुरीचा गड दिसल्यावर आजींनी पुन्हा हात जोडले आणि एका तिकिटात विठोबा आणि खंडोबा दोन्ही झाल्याचे समाधान बोलून दाखवले. शिंदवणे घाट उतरल्यावर ‘आळंदी’ अशी पाटी आली तेव्हा त्या लगबगीने खिडकीशी सरकल्या. ही ज्ञानोबांची नव्हे, म्हातोबाची आळंदी, हे त्यांना समजावून सांगणे माझ्या जिवावर आले होते, पण सांगितले. त्यानंतर फुरसुंगी गेले आणि घोरपडी आली. घोरपडीला मिरजेकडून येणारे रूळ सोलापूरकडून येणाऱ्या रुळांना मिळतात. तिथे गाडी थोडी रेंगाळली, सांध्यांवरून खडखडत बाजूच्या रुळावर गेली आणि एरवी ज्या मार्गाने पुण्यात शिरते त्याच मार्गावर आली. सकाळी कुर्डुवाडीला सोडलेली वाट तिला रात्री तिथे परत मिळाली होती.